मशिदीतही मराठी ऐकू येऊ दे

संध्याकाळी सहाच्या पुढची बोरिवली लोकल, महिलांचा डबा. रमजानच्या महिन्यात या गाडीत रोज दोन-तीन जणी तरी घड्याळाकडे बघत बसलेल्या असतात. परवा मला अंधेरीला खिडकीजवळची जागा मिळाली. पर्समधून डबी काढली, तीन खजूर तळहातावर घेतले आणि वाट बघत राहिले. शेजारच्या काकूंनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, ‘अजून दोन मिनिटं आहेत ना? मी मोबाइलवर बघितलं.’ समोरच्या मुलीने खांद्यावरची बॅग मांडीवर घेऊन माझ्यासाठी जागा केली. रोजा सुटला. खजूर चौघींत वाटून झाले आणि मग गप्पा सुरू झाल्या. मुलांच्या परीक्षा, भाजीचे भाव, मेट्रोमुळे वाचणारा वेळ. कांदिवली आल्यावर काकू अगदी मनापासून म्हणाल्या, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो! मुसलमान असून!’

मी हसले. काकूंचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. ज्या बाईने माझ्या रोजाची वेळ लक्षात ठेवली, तिच्यावर रागवायचं कशासाठी? पण ते ‘असून’ घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

त्याच आठवड्यात आमच्या भागात बायकांसाठी बयान ठेवलं होतं. बयान म्हणजे प्रवचन. बोलणाऱ्या बाई अभ्यासू होत्या, आवाज गोड होता, उर्दू उच्च प्रतीची होती. माझ्याशेजारी दापोली तालुक्यातून मुलाकडे राहायला आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. तासभर त्या मान डोलवत होत्या. संपल्यावर मला हळूच विचारलं, ‘काय म्हणाल्या गो त्या?’

त्या काय म्हणाल्या होत्या, ते या मावशींनाच सर्वांत जास्त ऐकायला हवं होतं. आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. बरं झाल्यावर रोजे भरून काढावेत. आजार कायमचा असेल तर रोजामागे एका गरिबाचं जेवण द्यावं, त्याला ‘फिदया’ म्हणतात. हे सगळं त्या तासात सांगून झालं होतं. आणि मावशींना गेली बारा वर्षं मधुमेह आहे. इन्सुलिन सुरू आहे. तरी त्यांनी त्या दिवसापर्यंतचे सगळे रोजे धरले होते आणि दोनदा चक्कर येऊन खाली बसल्या होत्या. मी त्यांना मराठीत सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘मला वाटलं, सोडला तर अल्ला रागावेल. विचारायचं होतं, पण उर्दूत कसं विचारू?’

मी आयोजक बायकांना सुचवलं की पुढचं एखादं बयान मराठीत ठेवू या. एक ताई चटकन म्हणाल्या, ‘मराठीत? दीनची गोष्ट मराठीत कशी शोभेल?’

‘मुसलमान असून मराठी’ आणि ‘दीन, तोही मराठीत’. लोकलमधल्या काकू आणि बयानातल्या ताई एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, भेटणारही नाहीत. पण दोघींची समजूत एकच आहे. धर्माला एक ठरलेली भाषा असते आणि भाषेला एक ठरलेला धर्म असतो, अशी ती समजूत. या समजुतीची किंमत मावशींनी चक्कर येऊन मोजली. म्हणून या रमजानमध्ये हा विषय मांडावासा वाटला.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. हजारो मैलांवर, अमेरिकेत राहणाऱ्या लॅटिनो मुसलमानांची गोष्ट बघा. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको, कोलंबिया अशा प्रदेशांतून आलेली, मुख्यतः स्पॅनिश बोलणारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. त्यांच्यातल्या काहींनी इस्लाम स्वीकारला. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या प्रौढ मुसलमानांपैकी सुमारे आठ टक्के लॅटिनो आहेत. शंभरात आठ, म्हणजे अगदीच तुरळक नाहीत. तरीही त्यांना दोन्ही बाजूंनी तोच प्रश्न येतो. घरचे म्हणतात, ‘तू आता अरब झालीस का? आपलं सोडलंस?’ मशिदीत गेलं तर प्रवचन अरबी, उर्दू किंवा इंग्रजीत, जेवायला बिर्याणी आणि समोसा, आणि कोणीतरी हळूच सुचवणार की नाव बदल. आता ‘मारिया’ हे नाव कशासाठी बदलायचं? मारिया म्हणजे मरियम. कुराणात एक संपूर्ण सूरह तिच्या नावाची आहे.

या माणसांनी काय केलं? न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात प्वेर्तो रिकन मुसलमानांनी ‘अलियान्सा इस्लामिका’ नावाची स्वतःची संस्था उभी केली. आपल्या वस्तीत, आपल्या भाषेत, व्यसनांत अडकलेल्या आपल्या पोरांसाठी काम करायचं, असा तिचा बाणा होता. टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहरात २०१६ मध्ये ‘सेंट्रो इस्लामिको’ सुरू झालं. तिथे जुम्म्याचं प्रवचन स्पॅनिशमध्ये होतं. मुलगा मुसलमान झाला म्हणून धास्तावलेली आई तिथे येऊन बसली, तर काय बोललं जातंय ते तिला पहिल्या दिवसापासून कळतं. तिने मुसलमान व्हावं, अशी अट नाही. पण तिला कळतं. आपल्या मुलाला काय शिकवतात, हे आईला समजणं ही काय लहान गोष्ट आहे?

आणि एक गंमत. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत एका प्रचारकाने मतदारांना भीती घातली होती की मेक्सिकन लोकांना आवरलं नाही तर कोपऱ्याकोपऱ्यावर टाकोच्या गाड्या उभ्या राहतील. टाको म्हणजे मक्याच्या पोळीत भाजी-मांस भरून खायचा त्यांचा पदार्थ, आपल्या वडापावइतका रस्त्यावरचा. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या रमजानमध्ये, कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतल्या लोकांनी ती धमकी आमंत्रणात बदलली. ‘प्रत्येक मशिदीपुढे टाको ट्रक’ असा उपक्रम सुरू केला. हलाल मांसाचे टाको, खाणारे मुसलमान आणि त्यांचे लॅटिनो शेजारी एका रांगेत. रोजा सोडायला खजूर आणि पाठोपाठ टाको. रोजाचा एक नियमही त्यामुळे मोडला नाही.

तसं पाहिलं तर स्पॅनिश भाषा आणि इस्लाम ही नवी ओळख नाही. स्पेनमध्ये मुसलमानांची सत्ता शतकानुशतकं होती. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडलं, आणि १६०९ पासून उरल्यासुरल्या मुसलमानांच्या वंशजांना देशाबाहेर घालवलं गेलं. माणसं गेली, शब्द मात्र गेले नाहीत. आजही स्पॅनिश माणूस ‘असं होवो’ म्हणताना ‘ओहाला’ म्हणतो. तो शब्द अरबीतून आला आहे आणि त्यात अल्लाचं नाव दडलेलं आहे. मेक्सिकोतलं मोठं शहर ग्वादालाहारा, त्याचं नाव मूळचं स्पेनमधलं आणि त्याआधीचं अरबी, अर्थ दगडांची दरी. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘असुकार’ म्हणतात. आपल्या संस्कृत शर्करेची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि ती अरबांबरोबर स्पेनला पोहोचली. तिकडून परतीच्या वाटेने काय आलं? आमच्या इफ्तारच्या ताटात बघा. भज्यांतला बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोकडची, फळांच्या बशीतला पेरू, पपई आणि अननस तिकडचेच. पोर्तुगिजांच्या जहाजांतून हे सगळं आपल्याकडे आलं. ज्या साष्टीत आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरं आहेत, तिथे १७३० च्या दशकापर्यंत सुमारे दोनशे वर्षं पोर्तुगिजांचाच अंमल होता.

साष्टीचा विषय निघाला म्हणून मरोळ आणि गोराईच्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांचीही आठवण करू या. आडनावं परेरा, डिसोझा. प्रार्थना चर्चमध्ये. आणि घरात बोलतात ती मराठीची बोली. त्यांच्या लग्नात म्हटली जाणारी गाणी मराठी. त्यांना कोणी ‘ख्रिस्ती असून’ म्हणत असेल, तर त्यांनाही तेच वाटत असेल जे मला वाटलं.

आता आमच्याकडे या. कोकणी मुसलमान कधी ‘आले’? दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्‌-मसूदी नावाचा अरब प्रवासी पश्चिम किनाऱ्यावरच्या सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल, असं अभ्यासक मानतात. त्याने लिहून ठेवलं आहे की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे व्यापारी होते आणि त्यांच्या जोडीला इथेच जन्मलेले मुसलमानही होते. या इथे जन्मलेल्यांसाठी त्याने वेगळा शब्दही नोंदवला आहे, ‘बयासिरा’. राज्य हिंदू राजाचं होतं. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. अकराशे वर्षांपूर्वी ‘इथे जन्मलेले’ अशी नोंद झालेल्या लोकांना आज लोकलमध्ये ‘मराठी छान बोलता’ अशी शाबासकी मिळते, तेव्हा हसू येतं आणि थोडं दुखतंही.

माहीमच्या दर्ग्याला सगळ्या धर्मांचे मुंबईकर जातात. तिथे विसावलेले मखदूम फकीह अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे इथल्याच नवायत समाजातले. त्यांनी कुराणावर अरबीत मोठं भाष्य लिहिलं. म्हणजे विद्वत्ता अरबीत आणि पाय माहीमच्या वाळूत. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. त्याच शतकात हुसेन अंबरखानांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरून जायची, ते शाहीर अमर शेख बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ही यादी मी अभिमान मिरवायला देत नाही. एवढंच सांगायचं आहे की मराठी आम्ही शिकून घेतलेली नाही. ती आमच्या घरातली आहे, चुलीजवळची आहे. माझी दादी नमाज अरबीत पढायची आणि नंतर हात पसरून जे मागायची ते आमच्या बोलीत. पाऊस वेळेवर पडू दे, आंब्याचा मोहोर गळू नको दे, मुंबईला गेलेल्या पोराला नोकरी लागू दे. अल्लाला ती बोली कळत नसेल, अशी शंका तिला एकदाही आली नाही.

मग मशिदीतून मराठी नाहीशी का वाटते? याची कारणं समजून घेतली पाहिजेत, नाहीतर उगाच कोणावर तरी राग निघतो. गेल्या दीडशे वर्षांत धर्माची पुस्तकं स्वस्तात छापली गेली ती प्रामुख्याने उर्दूत. आलिम तयार करणारे मोठे मदरसे उत्तरेत उभे राहिले आणि तिथलं शिक्षण उर्दूत. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारात कोकणातला, गुजरातचा, दक्षिणेचा आणि उत्तर प्रदेशचा मुसलमान एकत्र आला तेव्हा सगळ्यांना जोडणारी बोली हिंदी-उर्दूच होती. इमाम बाहेरून आले, ते त्यांना येणाऱ्या भाषेत बोलले. यात कट नाही, कोणाचा दोष नाही. आणि उर्दू काही परकी नाही. तिचं दखनी रूप याच दख्खनच्या मातीत वाढलं, आणि उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्या वलींना आपण औरंगाबादी म्हणूनच ओळखतो. उर्दूने आम्हाला शायरी दिली, अदब दिली, वर्तमानपत्रं दिली. मला उर्दू प्रिय आहे. पण प्रिय असणं वेगळं आणि तीच दीनची भाषा मानणं वेगळं.

इस्लामने अशी सक्ती केलेली नाही. नमाज अरबीतच असते, ती जगभर एकसारखी, आणि त्यात बदल करावा असं मी म्हणत नाही. पण समजावून सांगण्याची भाषा कोणती, याबद्दल कुराणाची भूमिका स्पष्ट आहे. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेतच बोलला, म्हणजे लोकांना नीट कळावं, हा सूरह इब्राहिममधल्या चौथ्या आयतीचा आशय. भाषांचं आणि रंगांचं वेगळेपण ही अल्लाची निशाणी आहे, असं सूरह रूममध्ये आलं आहे. निशाणी पुसायची नसते. केरळमधल्या अनेक मशिदींत शुक्रवारचं प्रवचन मल्याळममध्ये होतं. तिथला मुसलमान त्यामुळे कमी मुसलमान झाला, असं कोणी म्हणत नाही.

उलट, न कळण्याचे तोटे रोज दिसतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मताचे. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. दोन्ही मतं आदराची. पण अंगावर नेहमी वापरायच्या सोन्याच्या दागिन्यांवर जकात द्यायची की नाही, यावर दोघांत फरक आहे. हनफी मतात द्यायची, शाफई मतात सर्वसाधारणपणे नाही. दरवर्षी रमजानमध्ये कितीतरी घरांत या बांगड्यांवरून गोंधळ होतो. विचारलं तर पाच मिनिटांत सुटेल असा प्रश्न. पण विचारायला भाषा लागते. ऐकताना निम्मं कळलं तरी माणूस निभावून नेतो, विचारताना नाही. आणि धर्माबद्दल प्रश्नच विचारता येत नसेल, तर माणूस एक तर घाबरून पाळतो किंवा कंटाळून सोडतो. माझ्या ओळखीत दोन्ही प्रकारची माणसं आहेत.

पुढच्या पिढीचं तर आणखी अवघड. उपनगरांतली आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात. उर्दू लिपी त्यांना येत नाही. मराठी शाळेत एक विषय म्हणून आहे, बोलणं मित्रांमुळे झकास आहे. पण ‘तकवा’ म्हणजे काय, हे त्यांना कोणीच मराठीत सांगितलेलं नाही. त्यामुळे वर्गातल्या मित्राने सहज विचारलं, ‘तुम्ही उपास का करता रे?’, तर पोराला ‘असंच असतं’ याच्यापलीकडे उत्तर सुचत नाही. उत्तर त्याला माहीत नाही असं नाही. ते मित्राच्या भाषेत त्याच्याकडे नाही. आणि मित्राला उत्तर मिळालं नाही की तो ते मोबाइलवर शोधतो. तिथे त्याला काय काय सापडतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

इथवर मी माझ्या लोकांशी बोलले. आता थोडं माझ्या शेजाऱ्यांशी.

गेली काही वर्षं मुंबईत मराठी हा भांडणाचा शब्द झाला आहे. दुकानात, गाडीत, रिक्षात ‘मराठीत बोल’ असा दम दिला जातो आणि त्याचा व्हिडिओ फिरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. उत्तरेतून मालवणीत किंवा कुर्ल्याला येऊन स्थायिक झालेल्या माझ्या धर्मबांधवांना मी नेहमी सांगते की मराठी शिका. शेजारणीच्या सुखदुःखात बसता यावं म्हणून शिका, मुलाच्या अभ्यासाला मदत व्हावी म्हणून शिका, सरकारी दवाखान्यातल्या नर्सला आपलं दुखणं नीट सांगता यावं म्हणून शिका. पण दम देऊन शिकवलेली भाषा जिभेवर येते, घरात येत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना जड वाटतं, पण सांगते. मराठी बोललं की सगळे दरवाजे उघडतात, हेही खरं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. फोनवर दलालाशी मराठीत बोलणं झालं, घर पसंत पडलं, मालकीणबाईंनी चहा पाजला, गावाच्या गप्पा झाल्या. गाव त्यांच्या माहेराच्या शेजारचंच निघालं. मग नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी दलालाचा निरोप, ‘ताई, तुम्ही चांगल्या आहात हो, पण सोसायटी तयार नाही.’ तेव्हा कळलं की काही लोकांना माझं मराठी हवं असतं, मी नको असते. मराठी हे माझं निष्ठेचं प्रमाणपत्र नाही. मी ती कोणाची खात्री पटवायला बोलत नाही. ज्याला मराठी नीट येत नाही, त्या मुसलमानालाही घर मिळालं पाहिजे, आणि ज्याला येते त्याच्या बोलण्याचं कौतुक करून दार लावून घेऊ नये.

अमेरिकेतल्या लॅटिनो मुसलमानांना हे चांगलं समजेल. तिथे तर त्यांची भाषाही संशयाची आणि धर्मही संशयाचा. स्पॅनिश बोललं तर ‘परत जा’ आणि हिजाब घातला तरी ‘परत जा’. कुठे परत जायचं? जिथे जन्मले ते तेच शहर. त्यांनी याला जे उत्तर दिलं ते मला पटतं. ते प्रमाणपत्रं गोळा करत बसले नाहीत. आपल्या मशिदीचं दार आपल्या भाषेत उघडलं आणि बाहेर खाण्याची गाडी लावली. ज्याला यायचं तो आला.

आपल्या उपनगरांत हे करणं अवघड आहे का? अजिबात नाही. जुम्म्याचा खुतबा अरबीत असतो, तो तसाच राहू दे. त्याआधीचं अर्ध्या तासाचं बयान असतं, त्यातली दहा मिनिटं मराठीला द्या. जिथे कोकणी, मराठवाड्याची, पश्चिम महाराष्ट्राची कुटुंबं जास्त आहेत, तिथे रमजानमध्ये आठवड्यातून एक बयान पूर्ण मराठीत ठेवा. बायकांच्या बयानानंतर प्रश्नांसाठी वेळ ठेवा आणि आधीच जाहीर करा, ‘ज्या भाषेत येईल त्या भाषेत विचारा.’ कुराणाची मराठी भाषांतरं उपलब्ध आहेत. मशिदीच्या कपाटात उर्दू पुस्तकांशेजारी त्यांना एक फळी द्या. जकात, फितरा, फिदया यांचे नियम एका कागदावर मराठीत छापून नोटीस बोर्डावर लावा. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. बोलणारे कुठून आणायचे, असं विचारतात. मराठी माध्यमात शिकलेले, दीनचा अभ्यास असलेले शिक्षक, वकील, डॉक्टर प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना आजवर कोणी माइक दिला नाही, एवढंच.

शेजाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. रमजान म्हटलं की सगळे मोहम्मद अली रोडला जातात, फिरनी आणि मालपुव्याचे फोटो काढतात. जरूर जा, मीही जाते. पण तुमच्याच इमारतीत, तुमच्याच गल्लीत पहाटे चार-साडेचारला एक खिडकी उजळते, तो दिवा सहरीचा असतो. तिथेही एकदा या. आमच्याकडे बिर्याणी रोज नसते. तांदळाची भाकरी असते, नारळाच्या रसातलं कालवण असतं, सणाला सांदण असतं. ताट बघून तुम्हाला तुमच्या आजोळची आठवण आली तर नवल नाही. प्रश्न असतील ते विचारा. अवघड वाटणारेही विचारा. उत्तर मराठीतच मिळेल.

मावशींचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी रोजे सोडायला सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. रोज एका गरजू बाईला त्या डबा पाठवतात. आणि बयान आयोजित करणाऱ्या त्या ताईंनी थोडे आढेवेढे घेऊन पुढच्या शुक्रवारी मला पंधरा मिनिटं दिली. मी काही आलिमा नाही. आलिमाबाई शेजारी बसल्या होत्या. बायका मराठीत विचारत होत्या, मी उर्दूत त्यांना सांगत होते आणि त्यांचं उत्तर परत मराठीत. पंधरा मिनिटांचा दीड तास झाला. बांगड्यांवरच्या जकातीचा प्रश्न तिघींनी विचारला. एका नव्या सुनेने विचारलं की बाळ अंगावर पीत असताना रोजा धरायचा का. सुटका वाटावी तसं तिचं तोंड झालं होतं. आलिमाबाई शेवटी मला म्हणाल्या, ‘इतने सवाल तो मुझसे किसीने कभी पूछे ही नहीं.’

प्रश्न आधीपासून होतेच. ते मराठीत होते.

लोकलमधल्या काकू अजून भेटतात. त्यांना ईदला घरी बोलावलं आहे. त्या येताना काय आणू विचारत होत्या. म्हटलं, पुरणपोळी आणा, आणि एक शब्द तेवढा घरी ठेवून या. त्यांनी विचारलं, ‘कोणता हो?’ मी म्हटलं, सांगते, ईदच्या दिवशी चहा पिताना.